तुऱ्यापासून अननस : कुंडीतील लागवड नव्याने करणाऱ्यांसाठी

अननस चिरताना वरचा हिरवा तुरा बहुधा कचऱ्यात जातो. त्याच तुऱ्यापासून नवे झाड तयार होते आणि योग्य निगा राखल्यास त्याला फळही धरते. त्यासाठी बी, कलम किंवा मोठी बाग लागत नाही. भरपूर ऊन येणारी जागा आणि एक चांगली कुंडी पुरते. मात्र एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. तुऱ्यापासून वाढवलेल्या झाडाला पिकलेले फळ मिळेपर्यंत साधारणपणे दोन ते तीन वर्षे जातात, आणि थंड हवेत किंवा अपुऱ्या उन्हात त्याहूनही अधिक. काही आठवड्यांत फळ येईल असा समज करून घेणारे लोक पहिल्या वर्षाच्या अखेरीस कंटाळतात, आणि ज्या झाडात खरे तर काहीच बिघडलेले नसते ते टाकून देतात.

हा लेख पहिल्यांदाच तुरा लावणाऱ्यांसाठी आहे. पायऱ्यांकडे वळण्यापूर्वी हे झाड कसे जगते ते थोडक्यात समजून घेणे आवश्यक आहे, कारण पुढच्या जवळजवळ प्रत्येक सूचनेचे कारण त्यातच आहे.

अननस हे मूळचे दक्षिण अमेरिकेतले, ब्रोमेलिएसी कुळातले झाड आहे. बहुतेक झाडे दिवसा पानांवरील सूक्ष्म छिद्रे उघडून हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतात आणि त्याच वेळी पुष्कळ पाणी गमावतात. अननस ही छिद्रे मुख्यतः रात्री उघडतो, रात्री घेतलेला वायू आम्लाच्या रूपात साठवतो आणि दिवसा उन्हात त्याचा उपयोग करतो. त्यामुळे त्याला पाणी फार कमी लागते. त्याच्या पन्हळीसारख्या पानांवर पडलेले पाणी वाहत जाऊन पानांच्या बेचक्यांत साठते आणि तेथेही ते शोषले जाते. जमिनीतली मुळे मात्र उथळ असतात, त्यांना हवा खेळती लागते आणि साचलेल्या पाण्यात ती लवकर कुजतात. थोडक्यात, पाणी घालायचे विसरलात तर हे झाड बराच काळ तग धरते; दररोज प्रेमाने पाणी घातलेत तर ते मरते. घरी लावलेल्या तुऱ्यांपैकी जे दगावतात, त्यांतले बहुतेक कुजूनच दगावतात.

लागणारे साहित्य

ताजा, टवटवीत तुरा असलेला एक पिकलेला अननस, धारदार सुरी, हातमोजे, सुरुवातीसाठी १५ ते २० सेंटिमीटर व्यासाची आणि पुढे ३० ते ४० सेंटिमीटर व्यासाची, तळाला भोके असलेली कुंडी, पाण्याचा सहज निचरा होणारी माती, पाण्यात विरघळणारे संतुलित खत, आणि फवारणीची छोटी बाटली. मुळे फुटण्यासाठी मिळणारी संप्रेरकाची पूड वापरली तरी चालते, पण अननसाला तिची गरज नसते, त्यामुळे केवळ त्यासाठी खर्च करू नये. हातमोजे मात्र टाळू नयेत. अनेक जातींच्या पानांच्या कडांना बारीक काटे असतात, आणि फळातील रसाने काहींच्या त्वचेची आग होते.

१. फळ निवडताना तुरा पाहून घ्या

आपण एरवी फळ पाहून अननस घेतो. लागवडीसाठी घेताना तुरा आधी पाहावा. पाने घट्ट, हिरवी आणि ताठ असावीत. टोके थोडी वाळलेली असली तरी हरकत नाही, पण पाने पिवळी किंवा तपकिरी पडली असतील, बुडाशी बुरशी दिसत असेल किंवा आंबूस वास येत असेल तर ते फळ सोडून द्यावे.

सर्वांत महत्त्वाची तपासणी तुऱ्याच्या मध्यभागाची आहे. नवी पाने मधल्या कोंबातून येतात. वाहतुकीत तुरा फार वाढू नये म्हणून काही उत्पादक हा कोंब कोवळा असतानाच खरवडून काढतात. असा तुरा वरून हिरवागार दिसतो, पण मध्ये पोकळी किंवा वाळलेली जखम असते, आणि मग झाड सरळ वाढत नाही. फार तर बाजूने एखादा फुटवा येतो. म्हणून पाने हलकेच बाजूला करून मध्ये कोवळी, फिकट हिरवी पाने आहेत ना, ते बघा. मधले पान अलगद ओढून पाहा. ते सहज हातात आले तर आत कूज सुरू झालेली आहे.

फार काळ शीतगृहात किंवा फ्रिजमध्ये राहिलेल्या फळाचा तुरा टाळावा. अननस उष्ण प्रदेशातला असल्याने थंडीने त्याच्या आतल्या पेशींना इजा होते, आणि ती बाहेरून लगेच दिसत नाही. फळावरची कीड घरात येऊ नये म्हणून पानांच्या बेचक्यांत पांढरा, कापसासारखा थर नाही ना, हेही पाहावे.

जातीचा विचार करायचा असेल तर एवढेच लक्षात ठेवा, की 'क्वीन' गटातील जातींची पाने काटेरी असतात आणि फळे तुलनेने लहान व गोड असतात, तर 'स्मूद केयेन' गटातील झाडांची पाने जवळजवळ बिनकाट्यांची आणि फळे मोठी असतात. लहान मुले किंवा पाळीव प्राणी वावरत असलेल्या जागेत दुसरा गट सोयीचा पडतो. तुऱ्यापासून आलेले झाड मूळ झाडाच्याच गुणांचे असते, त्यामुळे जे फळ तुम्हाला आवडले त्याचाच तुरा लावणे शहाणपणाचे.

२. तुरा फळापासून वेगळा करा

याच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत फळ एका हाताने धरून तुरा बुडाशी घट्ट पकडायचा आणि पिळून उपटायचा. फळ पुरेसे पिकलेले असेल तर तुरा छोट्या देठासह स्वच्छ निघतो आणि त्याला गर जवळजवळ चिकटत नाही. दुसरीत तो सुरीने पानांच्या अगदी खाली कापायचा. कापल्यास गराचा जाडसर थर सोबत येतो, आणि तो पूर्ण काढून टाकणे अत्यावश्यक आहे. साखरेने भरलेला हा गर मातीत गेला की बुरशी, मुंग्या आणि चिलटे यांना आमंत्रण मिळते, आणि कूज तेथून देठात शिरते.

दोहोंपैकी पिळण्याची पद्धत मला अधिक बरी वाटते, कारण तिच्यात देठाला इजा कमी होते. मात्र अर्धकच्च्या फळाचा तुरा जोर लावून पिळू नये. तो मध्येच तुटतो आणि कोंब दुखावतो. तेथे सुरीच योग्य.

३. खालची पाने सोलून देठ उघडा करा

आता बुडाकडची लहान पाने एकेक करून खाली ओढत सोला. दोन ते तीन सेंटिमीटर देठ उघडा झाला की थांबा. पाने निघाल्यावर देठावर बारीक तपकिरी ठिपके किंवा उंचवटे दिसतील. हेच मुळांचे अंकुर. काही तुऱ्यांवर पानांखाली आधीच फुटलेली छोटी मुळे देठाला गुंडाळलेली सापडतात. ती तोडू नयेत.

देठाचे टोक ओलसर किंवा गरयुक्त असेल तर सुरीने पातळ चकत्या काढत जा आणि घट्ट, पांढरट भाग लागला की थांबा. जास्त वर कापत गेल्यास अंकुरच कापले जातात. पाने सोलतानाही हात आखडता घ्यावा, कारण उरलेल्या पानांवरच पुढचे काही आठवडे झाड जगणार असते.

४. सुकू द्या

नवखे लोक हीच पायरी सर्वाधिक टाळतात. हिरवा तुरा कोरडा ठेवायचा ही कल्पना मनाला पटत नाही, आणि पाने सुकतील या भीतीने तो ताबडतोब पाण्यात किंवा ओल्या मातीत खोचला जातो. वास्तविक पाने सोललेल्या जागी अनेक ताज्या जखमा असतात आणि त्यांतून बुरशीला थेट वाट मिळते. तुरा उलटा करून किंवा आडवा ठेवून, सावलीत आणि हवेशीर जागी, तीन ते सात दिवस सुकू द्यावा. कोरड्या हवेत तीन-चार दिवस पुरतात. हवा दमट असेल तर आठवडा लागतो. जखमांवर कोरडी, किंचित कडक खपली धरली की तुरा लावायला तयार झाला. या काळात पाने थोडी मलूल दिसली तरी चिंता नको. वर सांगितलेल्या कारणामुळे त्यांच्यातले पाणी फार सावकाश कमी होते.

५. मुळे फुटू द्या : पाण्यात की मातीत?

दोन्ही मार्गांनी मुळे फुटतात. पाण्यात मुळे फुटताना डोळ्यांना दिसतात, हा त्या पद्धतीचा मोठा लाभ, आणि मुलांसोबत करायचे असेल तर ती निश्चितच रंजक आहे. पेल्यात केवळ उघडा देठ बुडेल इतकेच पाणी घ्यावे, पाने पाण्याला टेकू देऊ नयेत, पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदलावे आणि पेला उजेडात पण कडक उन्हापासून दूर ठेवावा. साधारण तीन आठवड्यांत पांढरी मुळे दिसू लागतात. ती चार-पाच सेंटिमीटर झाली की तुरा मातीत लावावा. त्याहून अधिक काळ पाण्यात ठेवल्यास मुळे ठिसूळ होतात आणि मातीत रुळायला वेळ घेतात.

मातीत थेट लावल्यास झाडाला दोनदा जुळवून घ्यावे लागत नाही, म्हणून माझी शिफारस मातीचीच आहे. लहान कुंडीत माती भरून, मधोमध खड्डा करून, देठ सर्वांत खालच्या पानांपर्यंत पुरावा आणि भोवतीची माती बोटांनी घट्ट दाबावी, म्हणजे तुरा डुलणार नाही. तुऱ्याच्या मध्यभागी माती जाऊ देऊ नये. लावल्यानंतर एकदा व्यवस्थित पाणी द्यावे, आणि त्यानंतर वरची माती कोरडी झाल्याशिवाय पुन्हा देऊ नये. कुंडी उबदार जागी, उजेडात पण थेट दुपारच्या उन्हात नसेल अशी ठेवावी.

मुळे धरायला सहा ते आठ आठवडे लागतात. या अवधीत बाहेरची काही पाने वाळतात, आणि झाड गेले असे वाटू लागते. खरी खूण मध्यभागी असते: मधली पाने हिरवी आणि घट्ट असतील तर सारे ठीक आहे. दीड-दोन महिन्यांनी तुरा अलगद वर ओढून पाहावा; प्रतिकार जाणवला म्हणजे मुळे धरली. उत्सुकतेपोटी दर आठवड्याला ओढून पाहणाऱ्यांची कोवळी मुळे तुटतात, तेव्हा ही परीक्षा एकदाच करावी.

६. माती आणि मोठी कुंडी

अननसाला आम्लधर्मी, भुसभुशीत आणि पाणी धरून न ठेवणारी माती लागते. सामू (पीएच, म्हणजे मातीच्या आम्लतेचे माप) ४.५ ते ६ च्या दरम्यान असावा. साध्या बागेच्या मातीचा एक भाग, कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुशाचा) एक भाग आणि जाड वाळू किंवा पर्लाइटचा (हलक्या, पांढऱ्या खनिज दाण्यांचा) एक भाग, त्यात थोडे चांगले कुजलेले कंपोस्ट, हे मिश्रण बहुतेकांना सहज जमते. निवडुंगासाठी तयार मिळणारी मातीही चालते. चिकण माती, ताजे शेणखत आणि चुना यांपैकी काहीही घालू नये. चुन्याने सामू वाढतो, आणि सामू वाढलेल्या ओल्या मातीत गाभा कुजवणारी फायटोफ्थोरा बुरशी अधिक फोफावते. मिश्रण योग्य आहे का, हे ओळखण्याचा सोपा उपाय असा, की कुंडीत ओतलेले पाणी काही क्षणांत तळाच्या भोकांतून बाहेर येऊ लागले पाहिजे.

पहिल्याच दिवशी मोठी कुंडी वापरण्याचा मोह आवरावा. मुळे थोडी आणि माती पुष्कळ अशी स्थिती झाली की माती दिवसेंदिवस ओली राहते. झाड लहान कुंडीत सुमारे वर्षभर वाढू द्यावे आणि मग ३० ते ४० सेंटिमीटरच्या कुंडीत हलवावे. हलवताना बुडाची वाळलेली पाने काढून टाकावीत आणि खोड आधीपेक्षा थोडे खोल लावावे. उघड्या झालेल्या खोडातून नवी मुळे फुटतात आणि झाड स्थिर होते. पूर्ण वाढलेल्या झाडाचा घेर सुमारे एक मीटर होतो आणि वर फळाचे वजन येते, म्हणून शेवटची कुंडी रुंद बुडाची आणि जड असलेली चांगली.

७. ऊन, ऊब आणि पाणी

दिवसातून किमान सहा तास थेट ऊन मिळाले पाहिजे. सावलीतले झाड जगते, त्याची पाने लांब, मऊ आणि गडद हिरवी होतात, दिसायलाही ते सुंदर असते. पण ते फुलत नाही. मुळे धरल्यानंतर झाडाला एकदम भर उन्हात नेऊ नये. दहा-पंधरा दिवसांत उन्हाचा अवधी हळूहळू वाढवावा, अन्यथा पानांवर पांढरट करपलेले डाग पडतात आणि ते पुन्हा हिरवे होत नाहीत.

तापमान २० ते ३० अंश सेल्सिअस असताना वाढ उत्तम होते. १५ अंशांच्या खाली वाढ जवळजवळ थांबते, आणि दहिवर गोठण्याइतक्या थंडीत झाड दगावते. ज्या ठिकाणी हिवाळा कडक असतो तेथे त्या महिन्यांत कुंडी घरात, सर्वाधिक ऊन येणाऱ्या खिडकीशी ठेवावी. थंडीच्या दिवसांत वाढ दिसत नाही म्हणून खत वा पाणी वाढवणे ही सर्वांत घातक प्रतिक्रिया होय, कारण थंड आणि ओली माती हे गाभा कुजण्याचे पहिले कारण आहे.

उबदार दिवसांत साधारण आठवड्यातून एकदा पाणी पुरते, पण वारापेक्षा बोटावर विश्वास ठेवावा: वरची तीन-चार सेंटिमीटर माती कोरडी लागली तरच पाणी द्यावे आणि दिले तर तळातून बाहेर येईपर्यंत द्यावे. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये. पानांच्या बेचक्यांत थोडे पाणी घातलेले या झाडाला आवडते, मात्र ते केवळ उबदार हवेत. थंडीत मधला भाग कोरडाच ठेवावा. सतत पावसात कुंडी आडोशाला सरकवणे चांगले.

८. खत

मुळे धरेपर्यंत कोणतेही खत देऊ नये. त्यानंतर उबदार ऋतूत महिन्यातून एकदा, वेष्टनावर सांगितलेल्या प्रमाणाच्या अर्ध्या तीव्रतेने, पाण्यात विरघळणारे संतुलित खत द्यावे. पानांतूनही अन्न घेणारे हे झाड असल्याने पातळ द्रावणाची फवारणी विशेष लागू पडते. ती सकाळी लवकर किंवा सायंकाळी करावी. दाणेदार खत कोरडेच मध्यभागी टाकू नये, कोंब जळतो.

नवी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या दिसू लागल्या तर ते सहसा लोहाच्या कमतरतेचे लक्षण असते. जड पाणी वापरणाऱ्यांना हा अनुभव हमखास येतो, कारण जड पाण्यामुळे मातीचा सामू हळूहळू वाढतो आणि मातीत लोह असूनही झाडाला ते घेता येत नाही. अशा वेळी आणखी साधे खत घालून उपयोग होत नाही. चिलेटेड लोहाची (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातील लोहाची) फवारणी करावी आणि शक्य असेल तेव्हा पावसाचे पाणी वापरावे.

९. कीड आणि कूज

या झाडाचा मुख्य शत्रू पिठ्या ढेकूण. पानांच्या बुडाशी, मातीलगत आणि मुळांवरही पांढऱ्या कापसासारखे पुंजके दिसले की तोच समजावा. तो रस शोषतो, आणि काही विषाणूंच्या साथीने पाने तांबूस होऊन मलूल पडण्याचा रोगही पसरवतो. पिठ्या ढेकणांचे गोड स्राव मुंग्यांना हवे असतात, म्हणून त्या त्यांची राखण करतात आणि त्यांना एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात. कुंडीवर मुंग्यांची रांग दिसली तर मुंग्या हाकलून समाधान मानू नका, पाने उघडून ढेकूण शोधा. थोडे असतील तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसून काढावेत. जास्त असतील तर सौम्य साबणाचे पाणी किंवा कडुनिंबाच्या तेलाचे द्रावण सायंकाळी फवारावे आणि आठवड्याने पुन्हा फवारावे. पानांना चिकटलेल्या तपकिरी खवल्यांसारखी कीडही याच उपायांनी आटोक्यात येते.

गाभा कुजण्याची खूण निराळी आहे. मधली पाने निस्तेज होतात, ओढताच बुडापासून सुटून येतात आणि त्यांना घाण वास येतो. तेथे पोहोचलेले झाड सहसा वाचत नाही, आणि ती माती दुसऱ्या अननसासाठी पुन्हा वापरू नये.

१०. फुलोरा, आणि तो येत नसेल तर काय करावे

कॅलेंडरपेक्षा झाडाचा आकार महत्त्वाचा. तीसच्या वर जोमदार पाने आली आणि लांब पाने हातभर झाली, की झाड फुलण्यास सिद्ध झाले असे समजावे. दिवस लहान आणि रात्री थंड होऊ लागल्या की अनेक झाडे आपणहून फुलतात. मध्यभागी तांबूस छटा दिसते, तिथली पाने आखूड येऊ लागतात आणि मग लाल कोनासारखा फुलोरा वर येतो.

पुरेसे मोठे झालेले झाड फुलत नसेल तर त्याला इथिलीन वायू देता येतो. पोर्तुगालच्या अझोरेस बेटांवरील काचघरांत अननस वाढवणाऱ्यांना फार पूर्वी असे आढळले, की धूर कोंडल्यास झाडे एकाच वेळी फुलतात. धुरातील इथिलीनमुळे हे घडते. घरी हेच काम पिकलेले सफरचंद करते, कारण पिकताना ते हा वायू सोडते. कुंडी सावलीत घ्यावी, मध्यभागातील पाणी ओतून टाकावे, झाडाच्या बुडाशी एक-दोन पिकलेली सफरचंदे ठेवावीत आणि संपूर्ण झाड मोठ्या प्लॅस्टिकच्या पिशवीने सैलसर झाकून चार ते सहा दिवस ठेवावे. पिशवी घातलेले झाड उन्हात अजिबात ठेवू नये. आतली उष्णता पाने शिजवून टाकते. उपाय लागू पडला तर साधारण दोन महिन्यांत मध्यभागी रंग दिसू लागतो. न दिसल्यास पुन्हा करावा.

व्यापारी लागवडीत यासाठी इथेफॉन (इथिलीन सोडणारे रसायन) किंवा कॅल्शियम कार्बाइड वापरतात. कार्बाइड पाण्याच्या संपर्कात आल्यावर ज्वालाग्राही ॲसिटिलीन वायू सोडते, त्यामुळे ते घरी वापरू नये.

आणखी एक सावधगिरी. लहान झाडाला घाईने फुलवता येते, पण फळ झाडाच्या ऐपतीएवढेच येते. दहा-पंधरा पानांच्या झाडावर सफरचंदाचा प्रयोग केल्यास लिंबाएवढा अननस पाहून समाधान मानावे लागेल, आणि ते झाड दुसऱ्यांदा फळ देणार नाही. आणखी सहा महिने थांबणे केव्हाही श्रेयस्कर.

फुलोऱ्यात शंभर ते दोनशे जांभळट फुले असतात. ती खालून वर क्रमाने उमलतात आणि प्रत्येक फूल जेमतेम एक दिवस टिकते. हाताने परागीभवन करण्याच्या फंदात पडू नये. अननसाचे फळ परागीभवनावाचून भरते; उलट शेजारी दुसऱ्या जातीचा अननस फुललेला असेल आणि परागकण पोहोचले, तर गरात कठीण बिया धरतात. हवाई बेटांवर हमिंगबर्ड आणण्यास मनाई आहे, त्यामागे हेही एक कारण आहे. पुढे सगळ्या फुलांचे बुडखे एकत्र जुळून एकच फळ बनते, आणि सालीवरचा प्रत्येक डोळा म्हणजे एकेक फूल.

११. फळाची राखण आणि काढणी

फुले सुकल्यापासून फळ पिकेपर्यंत सुमारे पाच ते सहा महिने लागतात. या काळात पाणी नियमित द्यावे आणि नायट्रोजनयुक्त खत कमी करावे. फळ वाढू लागले की दांडा एका बाजूला कलतो. भोवती तीन काठ्या रोवून सैल दोरीने आधार द्यावा. कलंडलेल्या फळाच्या एका बाजूवर कडक ऊन सतत पडल्यास ती बाजू भाजून मऊ पडते, म्हणून तेथे कागद गुंडाळावा किंवा झाडाचीच पाने वर ओढून बांधावीत. पक्षी, उंदीर, खारी यांचा उपद्रव असेल तर जाळी लावावी. फळ तयार झाल्याचे त्यांना तुमच्या आधी कळते.

काढणीत घाई करू नये. अननसात नंतर साखरेत रूपांतर होईल असा स्टार्चचा साठा नसतो, त्यामुळे कापल्यानंतर साल पिवळी होते, फळ मऊ होते, पण गोडी वाढत नाही. पिकणे बुडाकडून वर सरकते. खालचा एक तृतीयांश ते अर्धा भाग पिवळा झाला, डोळे सपाट झाले आणि बुडाशी नाक नेल्यावर गोड सुगंध आला, की फळ काढावे. तुऱ्यातले पान सहज उपटले गेले म्हणजे फळ पिकले, ही सर्वत्र सांगितली जाणारी कसोटी भरवशाची नाही. काही जातींची साल पिकल्यावरही बरीच हिरवी राहते. तेथे वास हाच खरा निकष. फळ धारदार सुरीने चार-पाच सेंटिमीटर देठ ठेवून कापावे आणि काही दिवसांतच खावे. कुंडीतले फळ बाजारातल्यापेक्षा लहान निघते, हे गृहीत धरा.

१२. फळानंतरचे झाड

एक खोड एकदाच फळते. म्हणून फळ काढल्यावर झाड उपटून टाकणारे पुष्कळ असतात, आणि तेथेच नुकसान करून घेतात. फळाच्या सुमारास झाडाच्या बुडातून आणि पानांच्या बेचक्यांतून मुनवे, म्हणजे नवी पिल्ले, फुटतात, तर काही जातींत फळाखालच्या दांड्यावर छोटे फुटवे येतात. मुनव्यांना तुऱ्यापेक्षा साठा अधिक असतो, त्यामुळे त्यांना फळ लवकर, बहुधा दीड वर्षाच्या आत-बाहेर धरते.

मुनवे ठेवायचे असतील तर एकच जोमदार मुनवा झाडाला तसाच राहू द्यावा आणि जुनी पाने कापून त्याला उजेड मोकळा करावा. जुन्या मुळांचा लाभ मिळून तो वेगाने वाढतो. उरलेले मुनवे हातभर झाले की पिळून वेगळे करावेत, बुडाची पाने सोलावीत, तीन-चार दिवस सुकवावेत आणि पाचव्या पायरीप्रमाणे लावावेत. काढलेल्या फळावरचा तुराही हाताशी असतोच. तोही लावावा, पण मुनव्याच्या कुंडीत नव्हे, स्वतंत्र कुंडीत, कारण वेगाने वाढणाऱ्या मुनव्याच्या पानांखाली त्याला ऊन मिळत नाही.